अवजड सामानासह खान्देशात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेहून मुंबईत उतरून पुढे खान्देशात जाणाऱ्या प्रवाशाने सामान मोजकेच आणावे, असा सल्ला काही अविचारी मंडळी देतात. तो आपण मुळीच मानू नये. तिकिटावर 23 किलोंच्या दोन बॅगा चालत असतील, तर त्या घरच्या काट्यावर पुनःपुन्हा चढवून शेवटच्या ग्रॅमपर्यंत भराव्यात, कारण परवानगी असूनही रिकामी आणलेली जागा भाऊबंदांत अनेक वर्षे चर्चेला पुरते. हातातली 7 किलोंची बॅग धरून बेरीज 53 होते. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांकही 53च आहे. हा शुभशकुन समजावा.

जळगावला विमानतळ आहे आणि त्याचे उद्घाटन 2012 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले, हे आपल्याला कोणीतरी अभिमानाने ऐकवेलच. त्यांना आदराने होकार द्यावा. मात्र वेगळ्या काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर साधारणपणे 15 किलोच सामान फुकट जात असल्याने, उरलेल्या 31 किलोंचे पैसे मोजण्यापेक्षा सुमारे 400 किलोमीटरचा ट्रॅव्हल्सचा प्रवास आपल्याला हमखास अधिक रमणीय वाटू लागेल.

सहारच्या टर्मिनलमध्ये सामान ढकलायला ट्रॉली मिळते. तिचा मनसोक्त आनंद घ्यावा, कारण ती विमानतळाची हद्द ओलांडत नाही आणि आपली ट्रॅव्हल्स विमानतळाच्या हद्दीत येत नाही. बुकिंगच्या संदेशात पिकअप पॉइंट म्हणून पूर्व द्रुतगती महामार्गावरील एखादा पूल लिहिलेला असेल. पुलाखाली की पुलावर, हे विचारण्यासाठी दिलेला क्रमांक गाडी पुढे निघून गेल्यावर लागतो. तोवर दोन्ही बॅगांवर एकेक पाय ठेवून उभे राहावे आणि नजर मालेगावच्या दिशेने ठेवावी.

यानंतर डिकीचा प्रश्न येतो, आणि या विषयाचा गाभा खरे तर तोच आहे. उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करून बहुतेक विमान कंपन्या 32 किलोंहून जड असलेली एकही बॅग स्वीकारत नाहीत. ट्रॅव्हल्सच्या क्लीनरच्या पाठीसाठी असा कोणताही नियम कोणी केलेला नसल्यामुळे तो बिचारा नियमाऐवजी आपल्याकडेच पाहतो आणि अस्सल अहिराणीत विचारतो, “भाऊ, यामा काय धोंडा भरेल शेतस का?” त्याला हसून उत्तर द्यावे, दर विचारू नये, दर तोच सांगतो. डिकीत आधीच औषधांची खोकी, मोटारींचे सुटे भाग आणि कापडाचे गठ्ठे विराजमान झालेले असतात. पार्सलची पावती फाडलेली असते, प्रवाशाच्या बॅगेची नसते. तेव्हा मानाची जागा कोणाला मिळावी, याबद्दल मनात किल्मिष ठेवू नये. विमान कंपनीने लावलेल्या बारकोडच्या चिठ्ठीचे काम येथे क्लीनरची स्मरणशक्ती करते, आणि ती कसाऱ्याच्या घाटापर्यंत उत्तम असते.

बॅग ओळखू यावी म्हणून मुठीला लाल फीत बांधावी. डिकीतल्या बाकीच्या बॅगांनाही लाल फीतच असेल. म्हणून झोपेचा मोह टाळून मालेगाव, धुळे, पारोळा, एरंडोल अशा प्रत्येक थांब्यावर खाली उतरावे आणि उतरणारा प्रवासी स्वतःचेच सामान नेत आहे ना, याची सभ्यपणे पाहणी करावी. स्लीपरचे भाडे आपण यासाठीच भरलेले असते. (पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवला असल्यास वरच्या बर्थवर पडून छताकडे पाहण्याचीही उत्तम सोय आहे.)

पहाटे जळगाव आल्याची घोषणा होईल. गाडी आपल्या घराजवळच्या आकाशवाणी चौकात थांबेल असे आपण गृहीत धरले असेल, तर ती अजिंठा चौफुलीवर थांबेल. आपण तीच जागा गृहीत धरली असेल, तर क्लीनर आपल्याला आकाशवाणी चौकातच उतरवून मोकळा होईल. रिक्षावाल्याशी घासाघीस करू नये, कारण बॅगांकडे पाहून त्याने आपले विमानाचे भाडेसुद्धा मनातल्या मनात अचूक काढलेले असते.

तसेही आपल्याला रिक्षा लागणार नाही. “दादा, मी येस ना घ्यायला,” असे आदल्या दिवशी फोनवर ठासून सांगणारा मामेभाऊ वेळेच्या आधीच येऊन थांबलेला असेल आणि त्याने मोठ्या प्रेमाने मोटारसायकल आणलेली असेल. मोठी बॅग टाकीवर, दुसरी दोघांच्या मध्ये आणि हातातली डोक्यावर, अशी व्यवस्था तो स्वतःच सुचवेल. आपण फक्त पाय वर घ्यावेत.