रिस्ट्रिक्शनच्या उत्तरात नुसतं ‘विथ ट्रॅव्हर्स’ लिहून भागत नाही

अमेरिकी पेटंटचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींत एक सल्ला सर्रास फिरतो: रिस्ट्रिक्शन (‘अर्जात एकाहून जास्त शोध आहेत, क्लेमचा एकच गट निवडा’ अशी पेटंट कार्यालयाच्या एक्झामिनरची, म्हणजे तपासनिसाची, मागणी) आली की एक गट निवडा, पुढे ‘विथ ट्रॅव्हर्स’ (हरकत नोंदवून) लिहा, उरलेले क्लेम (संरक्षण मागणारे दावे) रद्द करा आणि नंतर कंटिन्युएशनमध्ये (त्याच अर्जाला जोडून केलेल्या पुढच्या अर्जात) घाला. यातलं गट निवडणं तेवढं बरोबर. बाकीचं अशिलाच्या अंगाशी येणारं आहे.

एक्झामिनरचं नेमकं कुठे चुकलं हे मुद्देसूद लिहिलं नाही, तर ती निवड विनाहरकत धरली जाते आणि पुढे पिटिशनची, म्हणजे ती मागणी फिरवून घेण्यासाठी दाद मागण्याची, वाट बंद होते. खरं तर लिहिण्यासारखं बरंच असतं. समजा, पहिला गट लेपाचा आणि दुसरा तो बनवण्याच्या प्रक्रियेचा. ‘हा लेप अगदी वेगळ्या प्रक्रियेनंही बनू शकतो,’ असं एक्झामिनर म्हणतो. कोणत्या? त्याने सांगितलेल्या प्रक्रियेनं लेप बनतच नसेल, तर ते कारणांसह मांडा. शिवाय दोन्ही गट एकत्र तपासण्याचा गंभीर भार पडतो, हेही त्यानेच दाखवायचं असतं. दोन्ही एकाच वर्गात टाकून वेगळ्या सर्चचं कारण दिलं नसेल, तर तिथेच बोट ठेवा.

मात्र वादाच्या भरात ‘ही सगळी एकाचीच उघड रूपं आहेत’ असं लिहू नका. एका गटाविरुद्ध जुना संदर्भ सापडला, की तीच कबुली कलम १०३ (उघड गोष्टीला पेटंट नाही) खाली दुसऱ्या गटावर उलटते.

पीसीटीतून (आंतरराष्ट्रीय पेटंट करारातून) कलम ३७१ खाली अमेरिकेत आलेल्या अर्जात तर हा भाराचा मुद्दाच गैरलागू. तिथे निकष युनिटीचा, म्हणजे समान विशेष तांत्रिक वैशिष्ट्याचा. लेपाचं नमुना-उत्तर तिथे चिकटवू नका.

क्लेम रद्द कशाला करायचे? ‘विथड्रॉन’ (तपासणीतून बाजूला काढलेले) म्हणून ठेवा. लेपाचा क्लेम मंजूर झाला आणि प्रक्रियेच्या क्लेममध्ये त्याच्या सगळ्या मर्यादा असतील, तर रिजॉइंडर (बाजूला काढलेले क्लेम पुन्हा तपासणीत घेणं) मागता येतं. त्यासाठी प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे करत राहा.

सगळ्यांत महाग पडतं ते ‘कंटिन्युएशनमध्ये घाला’. डबल पेटंटिंगच्या (एकाच शोधावर दुसरं पेटंट घेतल्याच्या) आक्षेपाविरुद्ध कलम १२१ चं संरक्षण डिव्हिजनलला (रिस्ट्रिक्शनमुळे वगळलेल्या गटासाठी केलेल्या वेगळ्या अर्जाला) आहे. फायझरच्या सेलेकॉक्सिब या औषधाच्या पद्धतीचे क्लेम कंटिन्युएशन-इन-पार्टमध्ये (नवा मजकूर जोडलेल्या पुढच्या अर्जात) गेले होते. २००८ मध्ये टेव्हाविरुद्धच्या खटल्यात फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने) संरक्षण नाकारलं. रीइश्यू (मिळालेल्या पेटंटमधली चूक सुधारून ते पुन्हा घेणं) घेऊन अर्ज डिव्हिजनल करून पाहिला, तोही २०१५ मध्ये ल्युपिनविरुद्ध टिकला नाही. साध्या कंटिन्युएशनचीही गत २००९ मध्ये अॅम्जेन-रोश खटल्यात तीच झाली. म्हणून वगळलेला गट पुन्हा दाखल करताना अर्जाच्या डेटा शीटवर ‘डिव्हिजनल’ निवडा, आणि त्या अर्जात निवडलेल्या गटाचे क्लेम परत घुसवू नका.