सिस्टरने गप्पाही मारायच्या का?

आजोळच्या ग्रुपवर परवा डायलिसिसवरून जुंपली. मावशीची तक्रार एवढीच, की सुया टोचून सिस्टर जातात त्या मशीन ओरडल्यावरच येतात. त्यावर सांगलीचा मामेभाऊ: "२०१६ च्या योजनेपासून गरिबांना फुकट डायलिसिस मिळतंय. आता सिस्टरने शेजारी बसून गप्पाही मारायच्या का?"

हो, मारायच्या. मी इंग्लंडात लेस्टरला रीनल युनिटमध्ये, म्हणजे किडनीच्या विभागात, नर्स आहे. "तिकडं बसून शिकवू नकोस" हे येणारच, तरी शिकवते.

आठवड्याचे तास १६८. तीनदा चार-चार तास धरले तर मशीनवर १२. आपल्याकडं पुष्कळांचं दोनदाच होतं, म्हणजे ८. बाकी वेळ पेशंट घरी: तहान, खाज, झोपेचं खोबरं. "पाणी कमी प्या" म्हणून भागत नाही. तहान मिठानं भडकते, तेव्हा ताटात लोणचं-पापड किती हे काढून घ्यावं लागतं. दोन डायलिसिसच्या मधे अंगात चार किलो पाणी साठवून आलेल्याचं ते पाणी मशीननं घाईनं उपसलं की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. भेटायला येणारा प्रेमानं शहाळं आणतो. त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं, हे कोण सांगणार? मशीन?

मामेभावाला मशिनी मोजता येतात. एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट, हे त्यानं कधी विचारलंय? माझ्याकडं शिफ्टला चार असतात. अर्थात ग्रुपवर मी हे लिहीत नाही, की इथले आजोबा डायलिसिस झाल्यावर ट्रान्सपोर्टची वाट बघत ताटकळतात आणि दिवसभरात माझ्याशिवाय त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं. मावशीची सून बाहेर डबा घेऊन बसलेली असते.

आमच्या पथ्याच्या छापील पत्रकात टाळायचे पदार्थ म्हणून केळी, चिप्स, टोमॅटो आहेत. उपवासाचं अक्षर नाही. एकादशीला शेंगदाणे-बटाटा खाऊन आलेल्या गुजराती बांना मी मोडक्या गुजरातीत समजावते. तेव्हा वाटतं, मला जे खरं येतं त्याची गरज सांगलीत जास्त आहे. पगाराची स्लिप आली की हे वाटणं महिनाभर गप्प बसतं.

श्रावणात मावशीचा फोन येतो, सोमवारी काय खाऊ? मी ठासून सांगते: साबुदाणा चालेल, दाण्याचं कूट नको, बटाटा उकळून पाणी फेक, ते लो-सोडियम मीठ घरात आणू नकोस, त्यात पोटॅशियमच असतं. मग विचारते, तुझं पोटॅशियम किती आलंय? ती म्हणते, "फाईल त्यांच्याकडंच असते गं."