पॉलिश पेपर कापून लॉनच्या कात्रीला धार येत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरायला लागतो, यंदा मला तो चार जणांनी पाठवला. लॉनच्या कडा कापायची लांब दांड्याची कात्री कशी घ्यावी, कशी सांभाळावी यावर आहे. त्यात म्हटलंय की कात्री जड असेल तेवढी चांगली, स्टेनलेस घेतली की बघायलाच नको, धार गेली तर पॉलिश पेपर नाहीतर अॅल्युमिनियम फॉइल दहा-पंधरा वेळा कापा, गंजाला लिंबू-मीठ, आणि ठेवताना खोबरेल चोपडा नाहीतर डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा. सोपं वाटतं म्हणून लोक पुढे पाठवतात, पण हे करून चांगल्या कात्र्या वाया जातायत, आमच्या सोसायटीतली एक गेलीच, म्हणून एकेक मुद्दा घेऊनच सांगतो.

आधी फोटो. मेसेजमधली कात्री कडा कापायचीच नाहीये. त्या फोटोत पाती जमिनीला समांतर, आडवी आहेत, ती लॉनचा वरचा भाग कापायला, बाकाखाली वगैरे जिथे मशीन जात नाही तिथे. कडेच्या कात्रीची पाती उभी असतात, म्हणजे पेव्हर ब्लॉकवर लोंबणारं गवत उभ्या रेषेत कापता येतं, न वाकता. दोन्ही लांब दांड्याच्याच असल्यामुळे दुकानातही गल्लत होते, तेव्हा पुण्याच्या बोहरी आळीत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, पाती उभी की आडवी हे पहिलं बघा.

‘जड म्हणजे चांगली’ हे कोयत्याला, कुऱ्हाडीला ठीक आहे, तिथे वजनच घाव घालतं. इथे घाव नाहीच, पूर्ण वजन हातात धरून कडेकडेने सरकायचं असतं, आणि पावसाळ्यात हरळी आठवड्यात पेव्हरवर येते, म्हणजे हे काम दर आठवड्याचं आहे, जड कात्रीने अर्ध्या तासात खांदे भरून येतात. वजनापेक्षा उंची बघा. पाती जमिनीला टेकवून सरळ उभं राहिलं की मुठी साधारण कंबरेपाशी याव्यात. आणि दुकानातच पाती मिटून उजेडाकडे धरा. बहुतेक चांगल्या कात्र्यांत मधे बारीक फट दिसते, तो दोष नाही, पाती मुद्दाम किंचित बाकदार केलेली असतात म्हणजे कापताना ती एकाच बिंदूवर भिडतात आणि तो बिंदू बोल्टापासून टोकापर्यंत सरकत जातो. ही फट बघून हातोडीने पाती सरळ करणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून करू नका.

स्टेनलेसबद्दल एवढंच, की त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं म्हणून गंज उशिरा येतो, येतच नाही असं नाही. अलिबाग-रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसवरही तांबूस ठिपके येतात. तिकडे तरीही स्टेनलेसच घ्या. पुण्या-नाशकात मी कार्बन स्टील घेईन, पुसायचं काम वाढतं पण धार जास्त टिकते आणि साध्या कानशीने परत लावता येते.

आता पॉलिश पेपर. आमच्या माळीमामांना कोणीतरी हाच मेसेज दाखवला, त्यांनी पंधरा वेळा कागद कापला, दोन दिवस कात्री खरंच बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी गवत कापायच्या ऐवजी पात्यांच्या मधे दुमडायला लागलं. दोन दिवस चालली कारण कागदाचे कण धारेला खरखरीत करतात आणि ती खरखर गवत पकडते. पण धार म्हणजे पात्याची सपाट बाजू आणि तिरकी बाजू जिथे मिळतात ती रेष, ती गोलसर झालेली असते, कागद कापून ती परत टोकदार कशी होणार? उलट सपाट बाजूवर ओरखडे पडतात, आणि ती बाजू गुळगुळीत राहिली तरच पाती एकमेकांना भिडतात. फॉइल तर नुसतंच मऊ, त्याने फार तर दुमडलेली कड थोडी सरळ होईल.

मी मामांना म्हटलं, “मामा, पातं उन्हात धरा, धारेवर पांढरी चमकती रेघ दिसतेय ना? तिथे धार गेलीय. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही.” पण तोवर कोणीतरी कात्री ग्राइंडरवर नेऊन आणली होती आणि कड अर्धा इंच निळी पडलेली. पातं साधारण ३०० अंशाला तापलं की असं निळं दिसतं, म्हणजे त्याला दिलेलं पाणी (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) उतरलं, मग कितीही घासा, धार आठवडाभरही टिकत नाही. त्या कात्रीचं आता काही होणार नाही.

खरी पद्धत अवघड नाहीये. शक्य असेल तर पान्याने बोल्ट सोडवून पाती वेगळी करा, एक पातं शिकंजात धरा, बारीक दात्याची सपाट कानस फक्त तिरक्या बाजूवर, आधीच्याच उताराने, एकाच दिशेने पुढे ढकला, मागे आणताना उचला. आठ-दहा हातांनंतर सपाट बाजूवरून धारेकडे अलगद अंगठा फिरवा (धारेवरून नाही, धारेकडे), कडेला बारीक खरखर लागेल. तिला ‘बर’ म्हणतात. ती लागली म्हणजे कानस टोकापर्यंत पोचली. मग सपाट बाजू ऑइल स्टोनवर (तेल टाकून धार लावायच्या दगडावर) पूर्ण टेकवून एक-दोनदा फिरवा, बर निघून जाते. त्या बाजूला कानस कधीच लावायची नाही. परत जोडताना बोल्ट एवढाच आवळा की दांडे हाताने सहज हलतील पण पाती डुगडुगणार नाहीत. गवत दुमडतंय अशा तक्रारीत कितीतरी वेळा धार ठीकच असते, बोल्ट सैल असतो, म्हणून कानस हातात घ्यायच्या आधी तो तपासा. मग वर्तमानपत्राचा एक कागद बोल्टापासून टोकापर्यंत कापून बघा, न फाटता कापला गेला पाहिजे.

लिंबाने गंज निघतो हे खरंय. पण मीठ बोल्टाच्या फटीत अडकून बसतं आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो. तारेची घासणी आणि थोडं तेल घ्या, वरवरच्या गंजाला तेवढं पुरतं.

खोबरेल थंडीत थिजतं हे आपल्याला कोणी सांगायला नको, पुण्यात डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, तेच बोल्टात होतं आणि वर माती चिकटते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवायला बनवलेलं, नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, तेव्हा भिजलेल्या कात्रीवर जरूर मारा, पण ते पातळ असतं, महिनाभर पात्याला धरून राहत नाही. शिलाई मशीनचं तेल वापरा, घरात असतंच. काम झालं की गवताचा हिरवा चिकट रस ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडं करायचं, दोन थेंब बोल्टावर, दोन पात्यांवर फडक्याने, आणि कात्री मिटून भिंतीला टांगायची, पोत्यावर किंवा ओल्या फरशीवर टेकवून ठेवायची नाही. मामांकडे आता नवी कात्री आहे, जूनपासून दर वेळी असंच चाललंय, आणि अजून कानस काढावी लागलेली नाही.