‘ड्रोनने नोंद करा आणि चिरेखाण चालू द्या’ : कातळशिल्पांवरचा हा तोडगा का टिकत नाही

कोकणातल्या कातळशिल्पांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर (सड्यावर) कोरलेल्या प्राचीन आकृत्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: सडा म्हणजे उघडा दगड, तिथे पुरातत्त्वाचं उत्खनन कसलं? ड्रोनने नोंद करा, 100 मीटर सोडा, फारच वाटलं तर शिल्प कापून संग्रहालयात न्या आणि चिऱ्याची (बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याच्या ठोकळ्यांची) खाण चालू द्या.

सडा सगळीकडे उघडा नसतो. खोलगट भागात माती साचते आणि तिच्याखाली शिल्पं झाकली जातात. गारगोटीची सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगीन माणसाची इवलीशी दगडी हत्यारं मिळायची तर तीही अशाच मातीत. ती जेमतेम एक ते तीन सेंटिमीटरची, म्हणजे जेसीबीच्या बकेटमध्ये दिसणं अशक्य. त्यासाठी पाच-पाच सेंटिमीटरचा थर हाताने काढून बारीक जाळीच्या चाळणीतून गाळावा लागतो. काळ ठरवण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोरीव रेघेचं वय रेडिओकार्बनने थेट काढता येत नाही, कारण नुसत्या खोदलेल्या दगडात कोरणाऱ्याच्या काळातला कार्बन उरत नाही. रेघेत साचलेल्या मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे मात्र ल्युमिनेसन्स पद्धतीने मोजता येतं आणि शिल्प निदान तेवढं जुनं आहे हे कळतं. नमुना थरात आडवी नळी ठोकून, उजेड न लागू देता काढतात. सपाटीकरणात ती माती एकदा उलटली आणि तिला ऊन लागलं की हा पुरावा गेला.

ड्रोनला गवताखालचं आणि मातीखालचं दिसत नाही. म्हणून पाहणी गवत वाळल्यावर, उन्हाळ्यात, पायी करायची. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उथळ रेघा उठून दिसतात. जागा खराट्याने आणि मऊ ब्रशने झाडायची, गवत पेटवायचं नाही. फोटोसाठी रेघांत खडू किंवा चुना भरणं तर कटाक्षाने टाळायचं. मग एक मीटरची दोरीची चौकट, मोजपट्टी, उत्तर दिशा, एकमेकांवर निदान 60 टक्के येणारे फोटो आणि जमिनीवर मोजलेले नियंत्रण बिंदू (फोटो नकाशावर अचूक बसवण्यासाठीच्या खुणा). ड्रोन यानंतर.

कापून नेण्याबद्दल थोडक्यात: कशेळीचा हत्ती सुमारे 18 बाय 13 मीटर आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राणी कोरलेले आहेत. जांभा सच्छिद्र, त्याचा वरचा कडक थर कापताना मनाला येईल तिथे तुटतो.

100 मीटरचा मनाई पट्टा आणि पुढचा 200 मीटरचा नियंत्रित पट्टा केंद्र-संरक्षित स्मारकांना लागू होतो. खासगी सातबाऱ्यावरच्या, कुठल्याच यादीत नसलेल्या शिल्पाला तो आपोआप मिळत नाही. 2022 मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं फणसामळ अशी नऊ स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत आली. पण त्या यादीनेही खाण कायद्याने थांबत नाही.

‘आधी नोंद झाली की वारसा वाचला’ या समजाचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जुकान घळीत मिळतं. लोहखनिजासाठी तिथले शैलाश्रय (खडकातले नैसर्गिक आडोसे) उडवायला 2013 मध्ये परवानगी दिली गेली. 2014 च्या बचाव उत्खननात (जागा नष्ट होण्याआधीच्या खोदकामात) सुमारे 7,000 वस्तू निघाल्या; त्यांत 4,000 वर्षांपूर्वीचा, केसांच्या वेणीचा पट्टाही होता. जागेचं मोल कळलं, पण परवानगी फिरवण्याची वाट कायद्यात नव्हती. मे 2020 मध्ये ते शैलाश्रय सुरुंगाने उडवले गेले.

म्हणून चिऱ्याचा परवाना देण्याआधी पाहणी व्हावी, नंतर नाही. ज्या सड्यावर काहीच आढळत नाही, तिथे खाण अडवायचं कारण नाही. लोकांचा रोजगार तिथे चालू शकतो. संशयाच्या जागी वरची माती दात नसलेल्या बकेटने पातळ थरांत, पुरातत्त्वज्ञासमोर काढावी. काम तिथल्या तिथे थांबवण्याचा त्याचा अधिकार आणि नवं काही सापडल्यास परवान्याचा फेरविचार, या दोन्ही अटी परवान्यातच लिहिलेल्या हव्यात.