दीड महिना का लागला, ते सांगतो

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार सकाळी शटर उघडतानाच वाचला. सॉफ्टवेअर डिरेक्टरीचं, म्हणजे वेगवेगळी सॉफ्टवेअर एका जागी दाखवणाऱ्या तुमच्या साइटचं, दहा दिवसांचं काम दीड महिना रखडवलं, साइट नुसती देखणी झाली, चौकशी एक वाढली नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला मनस्ताप झाला, माफी मागतो. मध्ये आठवडाभर तुमचे फोन उचलले गेले नाहीत, ती चूक आमचीच.

पण दीड महिन्याचं सांगायलाच हवं, कारण राजारामपुरीत माझ्या गाळ्याची पायरी चढायची की नाही, हे लोक आता इथं वाचून ठरवतात. डिझाइन तुम्हाला ९व्या दिवशी दाखवलं होतं. बिलिंग, पगारपत्रक, हॉस्पिटल असे फिल्टर वरच, तीन सॉफ्टवेअर शेजारी ठेवून तुलना, आणि प्रत्येकापुढं 'डेमो मागवा' हे एकच बटण. अडलं ते माहितीपाशी. निम्म्या सॉफ्टवेअरपुढं किंमतच नव्हती. 'किमतीसाठी संपर्क करा' दिसलं की उद्यमनगरातला कारखानदार तिथूनच माघारी फिरतो, हे मी तुमच्याच ऑफिसात चहा पिताना बोललो होतो. किमतींची यादी हातात आली ३१व्या दिवशी. तीही वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर! आमच्याकडच्या मुलीनं एकेक आकडा बसून टाईप केला. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, सर. तिथून १४ दिवसांत साइट चालू झाली.

चौकशीचा फॉर्म आम्ही ३ रकान्यांवर आणला होता: नाव, मोबाइल, काय हवंय. चार दिवसांत तुमच्या सांगण्यावरून तो परत ११ रकान्यांचा झाला, जीएसटी नंबरसकट. नुसतं विचारायला आलेला माणूस जीएसटी नंबर कशाला देईल? वर पान उघडताच तुमच्या सत्काराचा ६ एमबीचा फोटो. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असं गूगलच सांगतं. फोटो हलका करू का विचारलं, तर 'चेहरा धूसर होतो' म्हणालात.

हे चारचौघांत लिहायचं नव्हतं. एक फोन केला असता तर मीच आलो असतो.

असो. फॉर्म परत छोटा करून देतो, पैसे नकोत. फोटोचंही बघू काहीतरी. फोन उचलायला माणूस ठेवतोय, बहुतेक दिवाळीनंतर. शनिवारी सवडीनं या. येताना फक्त साइटचा पासवर्ड आणा, तुम्ही तो बदललाय.