हत्ती मधला की मोठा?

आमचा फराळाचा व्यवसाय शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर चालतो. गेली अकरा वर्षे आमचे लाडू-चिवडे पुणेभर पोहोचवणाऱ्या डिझेलच्या टेम्पोने गेल्या मार्गशीर्षात मान टाकली, तेव्हा आता विजेवर चालणारी मालगाडी घ्यावी यावर घरात आश्चर्यकारक एकमत झाले. एकमत होण्याची ती शेवटची वेळ. मधली गाडी घ्यावी की मोठी, हा प्रश्न निघाला आणि पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

२००५ साली टाटांची एस ही गाडी बाजारात आली, तेव्हापासून चार चाकांच्या कोणत्याही लहान मालगाडीला आपल्याकडे छोटा हत्तीच म्हणतात. २०२२ मध्ये त्या हत्तीचा विजेवर चालणारा अवतार आला आणि त्यानंतर इतरही अनेकांनी आपापले हत्ती बाजारात सोडले. त्यांतला सर्वांत लहान आम्हांला पुरणारा नव्हता. उरले दोन : एक टन पासिंगचा, म्हणजे टनभर माल भरायची परवानगी असलेला मधला आणि दीड टन पासिंगचा मोठा.

मोठ्या गाडीच्या बाजूने एकटे मामा होते, परंतु मामा एकटे असले तरी पुरेसे असतात. "कपडा आणि गाडी वाढत्या अंगाची घ्यावी," असे त्यांचे मत होते. लहानपणी त्यांनीच आणलेला शाळेचा शर्ट मी चौथीपासून सातवीपर्यंत वापरला होता आणि तो अंगाला नीट बसू लागला त्याच वर्षी फाटला, ही गोष्ट मी नम्रपणे निदर्शनास आणून दिली. मामांनी त्यावर "दिवाळीत काय करशील?" एवढेच विचारले. या प्रश्नाला उत्तर नव्हते. आमचा धंदा वर्षातले साडेअकरा महिने चालतो आणि दिवाळीचे पंधरा दिवस धावतो.

विक्री करणारा तरुण अतिशय सौजन्यशील होता. एका चार्जिंगमध्ये मधली गाडी किती जाते, असे विचारल्यावर त्याने "१६० किलोमीटर, सर," असे उत्तर दिले. माल भरून, सिग्नलला थांबत थांबत किती जाते, असे विचारल्यावर त्याने आधी चहा मागवला आणि मग शंभरच्या आसपासचा आकडा सांगितला. आमच्या रोजच्या फेऱ्या पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. तरीही मी साताऱ्याचा विचार करून व्याकूळ झालो. सातारा एकशे दहा किलोमीटरवर आहे आणि तेथे आम्ही वर्षातून एकदा, एकाच गिऱ्हाइकासाठी जातो. घाट उतरताना मोटर उलटी काम करून बॅटरीत थोडी वीज परत भरते, ही माहिती त्याने मला धीर देण्यासाठी सांगितली. पण घाट चढताना आधी नोट मोडायची आणि उतरताना सुटे पैसे मोजून घ्यायचे, यात मला फारसा फायदा दिसला नाही.

आत्याचा प्रश्न निराळा होता. "एका वेळी जेवते किती?" असे तिने विचारले. बॅटरीच्या क्षमतेचा आकडा किलोवॉट-तासांत देतात आणि एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट, हे तिला समजावून सांगितल्यावर मधलीची एकवीस आणि मोठीची बत्तीस युनिटे तिने लगेच रुपयांत करून पाहिली आणि मान डोलावली. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर मधली गाडी रात्री दहाला लावली, तर पहाटे पाच-सहापर्यंत भरते. मोठी मात्र सकाळचे भाजणीचे दळण सुरू झाले तरी जेवतच राहिली असती आणि गाडी व घरघंटी एकत्र चालू झाल्यास आमच्या मीटरपेटीतला खटका तत्काळ पडतो, हा आमचा पुढे आलेला अनुभव आहे.

खरी परीक्षा गल्लीने घेतली. गल्लीची रुंदी मोजण्यासाठी मी एका रविवारी पहाटे सहा वाजता टेप घेऊन बाहेर पडलो. पेठेत टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात, याची मला कल्पना असायला हवी होती. पलीकडच्या वाड्याच्या ओट्याला टेपचे टोक लावतो न लावतो तोच वर खिडकी उघडली आणि पाच मिनिटांत रस्तारुंदी आली ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोहोचली. ओट्याचे मालक असलेले आजोबा बनियनवरच, काखेत गुंडाळी करून ठेवलेला नकाशा घेऊन खाली आले. "हा ओटा १९३४ पासून इथेच आहे," असे त्यांनी मला बजावले. मी फक्त मालगाडी मोजतो आहे, असे सांगितल्यावर त्यांनी "गाडी कुठे आहे?" असे विचारले. गाडी अजून घेतलेली नाही, हे ऐकल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. अखेरीस टेपचे दुसरे टोक त्यांनी स्वतःच धरले, मी फसवू नये म्हणून. ओट्यापाशी रुंदी सात फूट एक इंच भरली. मोठी गाडी त्यातून आरसे मिटून गेली असती. फक्त आमच्या दारात उभी केल्यावर चालकाला दार उघडून खाली उतरता आले नसते.

मामांना हे मान्य नव्हते. "जागेचे काय? माल मावला पाहिजे," असे ते म्हणत राहिले. तेव्हा आत्याने पंधरा किलो तेलाचे दोन रिकामे डबे काढले, एकात चिवडा भरला, दुसऱ्यात बेसनाचे लाडू रचले आणि दोन्ही काट्यावर ठेवले. डब्यासकट चिवडा तीन किलो भरला आणि लाडू दहा किलो. मधल्या गाडीत दोनशे वीस डबे मावत होते. ते सगळे चिवड्याचे असले, तर गाडी गच्च भरूनही वजन सातशेच्या आत राहत होते. लाडवांचे असले, तर शंभराव्या डब्यालाच टन पुरा होत होता. "खाली लाडू, वर चिवडा," असे म्हणून आत्या उठली. मी रात्री हिशेब केला : अठ्ठेचाळीस डबे लाडवांचे आणि एकशे बहात्तर चिवड्याचे, वजन नऊशे शहाण्णव किलो. दोन महिन्यांत माहितीपत्रकांतून मला जे समजले नव्हते, ते स्वयंपाकघरातल्या काट्याने दहा मिनिटांत सांगितले.

आम्ही मधली गाडी घेतली. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या गाडीची पूजा झाली, तेव्हा ओट्यावरच्या आजोबांनी पेढा घेतला आणि ती ओट्यापासून किती अंतरावर उभी आहे, हेही पाहून घेतले.

वैशाखात एका लग्नासाठी बुंदीच्या लाडवांचे शंभर डबे द्यायचे होते. शंभर डब्यांना गाडीचा टन भरला, पण अर्ध्याहून अधिक हौदा मोकळाच राहिला. मामा त्या दिवशी मुद्दाम पाहायला आले होते. त्यांनी मागचे दार उघडले, आतल्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "अरे, एवढी मोठी कशाला घेतलीस?"