१७२९ चा ताळा

२२ डिसेंबर म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस, अर्थात राष्ट्रीय गणित दिन. भाचीला शाळेसाठी भित्तिपत्रक करायचे होते आणि त्यातला मजकूर वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले होते. तिने काही वेबपाने पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती. मी ती ब्राउझरमध्ये न उघडता फाइल मॅनेजरच्या उजवीकडच्या पूर्वदर्शनाच्या चौकटीतच वाचायला घेतली. कारण जे एका टिचकीत दिसते त्यासाठी दोन टिचक्या खर्च करणे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या स्वभावात बसत नाही.

सुरुवात झकास झाली. इंग्रज गणितज्ञ हार्डी आजारी रामानुजनना भेटायला ज्या टॅक्सीने गेले, तिच्या क्रमांकाची गोष्ट मी रंगवून सांगितली आणि मग खणखणीत आवाजात वाचले, "१७२९ बरोबर १३ अधिक १२३, बरोबर ९३ अधिक १०३."

भाचीने जाड स्केचपेनने ते लिहिले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मामा, पहिली बेरीज १३६ होते आणि दुसरी १९६."

मी ताळा पाहिला. खरेच तसे होते. ज्याने पस्तीस वर्षे पैशापैशाचा ताळेबंद जुळवला, त्याच्यासमोर रामानुजन यांचे खाते साफ विस्कटलेले होते आणि फाइल मॅनेजर चुकीची एक सूचनाही न देता, अगदी सभ्य चेहऱ्याने ते दाखवत होता.

घोळ असा होता, की त्या पानावरची गणिते मॅथएमएल या, वेबपानावर सूत्रे मांडण्याच्या भाषेत लिहिलेली होती. ही भाषा १९९८ पासून प्रमाणित आहे. पण ओळखीचा नसलेला टॅग, म्हणजे मजकूर कसा मांडायचा ते सांगणारी खूण, दिसला की तो टॅग सोडून द्यायचा आणि आतला मजकूर मात्र दाखवायचा, ही वेबची जुनी रीत आहे. त्यामुळे पाटावर बसवलेल्या घातांकाला त्या चौकटीने खाली सतरंजीवर, पंगतीतच बसवले होते. १२ चा घन १२३ झाला, १० चा घन १०३ झाला. पुढे एक छेद दोन हा अपूर्णांक १२ होऊन बसला होता आणि वर्गमूळाचे छप्पर तर उडूनच गेले होते. (क्रोम ब्राउझरनेही २०१३ मध्ये ही भाषा एका आवृत्तीपुरती घरात घेऊन पुढच्याच आवृत्तीत बाहेर काढली आणि २०२३ मध्ये परत बोलावली, दहा वर्षांचा वनवास तिथेही चुकला नाही.)

दुसऱ्या पानाची तऱ्हा वेगळी होती. तिथली सूत्रे जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातच लिहिलेला प्रोग्राम, धावल्याशिवाय आकार घेणारी नव्हती आणि चौकटीत जावास्क्रिप्ट धावत नव्हती. म्हणून मी निमूटपणे वाचू लागलो, "डॉलर, उलटी तिरकी रेघ, फ्रॅक, महिरपी कंस..."

"हेही लिहू?" भाचीने विचारले.

मी चष्मा पुसला, सेटिंगमधल्या सगळ्या चौकोनांवर खुणा करून पाहिल्या, अक्षरे मोठी केली; त्यामुळे १२३ फक्त अधिक ठळक दिसू लागले. शेवटी भाचीने माऊस स्वतःकडे ओढला आणि फाइलवर दोनदा टिचकी मारली. ब्राउझर उघडला. तीनचा बारीक आकडा १२ च्या खांद्यावर जाऊन बसला होता. तिने मनातल्या मनात १ आणि १७२८ मिळवले, मग ७२९ आणि १००० मिळवले आणि स्केचपेनने लिहिलेली ओळ खोडायला पांढरी शाई मागितली.

"मामा, मग तू अर्धा तास काय करत होतास?"

"ताळा पाहत होतो," मी म्हणालो आणि पांढरी शाई शोधायला उठलो.